‘घरबसल्या इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ : ५,९९९ रुपयांचा फॉरवर्ड

नात्यातल्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला तोवर दुर्लक्ष केलं होतं. मग भुसावळच्या भाच्याने तोच मेसेज वेगळा पाठवला, खाली एक ओळ: ‘मामा, आज रात्री बारापर्यंतच आहे, भरून टाकू का?’

मेसेज थोडक्यात असा. इन्व्हेस्टमेंट बँकिंगची (म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणं, त्यांची विलीनीकरणं जुळवणं या कामाची) व्हर्च्युअल समर इंटर्नशिप. चार आठवडे, घरबसल्या, मोबाइलवरही चालेल, कोणतीही शाखा. आयपीओ आणि मर्जरच्या ‘लाइव्ह डील्स’वर काम. सेबी-मान्य (सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियंत्रक संस्था) प्रमाणपत्र, शिवाय ‘एमएसएमई मान्यताप्राप्त’ असा शिक्का. महिना २५,००० रुपये स्टायपेंड. त्यानंतर थेट १२ लाखांचं पॅकेज. खान्देशच्या मुलांसाठी ५० राखीव जागा. नोंदणी फक्त ५,९९९ रुपये, तीही परत मिळणारी. वर तीन परदेशी बँकांचे लोगो आणि खाली कुण्या उत्साही काकांची पुस्ती: ‘एक नंबर शे भो, पोरांना सांगा.’

पोरांना सांगायचं ते वेगळंच आहे.

‘लाइव्ह डील्सवर काम कराल’

सगळ्यात हास्यास्पद मुद्दा हा, म्हणून आधी हाच घेऊ. सेबीचे इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार) प्रतिबंधक नियम २०१५ सालचे आहेत. त्यातला तिसरा नियम एवढा एकच वाचला तरी या मेसेजचा निकाल लागतो. शेअर बाजारात नोंदलेल्या दोन कंपन्या एकत्र येणार आहेत ही गोष्ट जाहीर होईपर्यंत ‘अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती’ असते. कामाच्या रास्त कारणाशिवाय ती कुणाला सांगता येत नाही. आणि हे लक्षात घ्या, ती कुणाकडून मिळवताही येत नाही. म्हणजे देणारा आणि घेणारा, दोघेही कचाट्यात. रास्त कारणासाठी दिली, तर ज्याला दिली त्याचं नाव आणि पॅन एका डिजिटल नोंदवहीत चढवावं लागतं. त्या नोंदीवर वेळेचा शिक्का असतो, मागाहून खाडाखोड करता येत नाही आणि ती किमान आठ वर्षं जपून ठेवावी लागते. नियम मोडला तर सेबी कायद्याच्या कलम १५जी खाली दंड किमान १० लाख रुपये. वरची मर्यादा २५ कोटी किंवा कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते.

आता सांगा, अशी माहिती कोणती बँक दोनशे अनोळखी पोरांच्या टेलिग्राम ग्रुपवर टाकेल?

खऱ्या डीलमध्ये काय होतं ते बघा. कंपनीला सांकेतिक नाव दिलं जातं. टीमबाहेरच्या सहकाऱ्यालाही खरं नाव कळत नाही. कागदपत्रं व्हर्च्युअल डेटा रूममध्ये असतात. कोणी कोणतं पान किती वेळा उघडलं याची नोंद राहते, पानावर वाचणाऱ्याचं नाव पुसट छापलेलं असतं, डाउनलोड बहुधा बंद. इंटर्न असला तरी त्याला स्वतःची आणि घरच्यांची डीमॅट खाती जाहीर करावी लागतात, आणि बँकेच्या प्रतिबंधित यादीतल्या कंपनीचा शेअर घेता-विकता येत नाही. घरून काम असलं तरी ते बँकेच्या स्वतःच्या लॉगिनवर चालतं. गूगल ड्राइव्हच्या लिंकवर नाही.

म्हणून आयोजकांना तीनच गोष्टी विचारा: गोपनीयतेचा करार कुठे आहे, माझा पॅन कोणाच्या नोंदवहीत जाणार, डेटा रूमचं लॉगिन कोणत्या डोमेनवर? उत्तर येणार नाही. फार तर एखाद्या येऊ घातलेल्या आयपीओच्या डीआरएचपीची, म्हणजे सेबीकडे दिलेल्या मसुदा माहितीपत्रकाची, पीडीएफ येईल. ती ‘लाइव्ह’ असते हे मान्य. पण ती सेबीच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट मिळते. त्यासाठी ५,९९९ कशाला?

‘सेबी-मान्य प्रमाणपत्र’

जळगावच्या सराफ बाजारात सोनं घेताना माणूस एचयूआयडी (दागिन्यावरचा हॉलमार्कचा क्रमांक) बघतो, बीआयएस केअर ॲपवर टाकून खात्री करतो, मगच पैसे मोजतो. दुकानदाराने स्वतःच मारलेल्या शिक्क्याला तो हॉलमार्क म्हणत नाही. इथे मात्र तेवढीही चौकशी नाही.

सेबी इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रांना मान्यता देत नाही. सेबी नोंदणी देते ती मर्चंट बँकरना, म्हणजे कंपन्यांचे आयपीओ हाताळणाऱ्या संस्थांना, १९९२ च्या नियमांखाली. त्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘आयएनएम’ या अक्षरांनी होते आणि सगळी यादी सेबीच्या वेबसाइटवर आहे. मेसेजमधलं नाव त्यात शोधा. सापडलं तरी त्यांना इश्यू हाताळायचा परवाना आहे एवढंच सिद्ध होतं. त्यांच्या कोर्सला मान्यता मिळते असं नाही. ‘एमएसएमई मान्यताप्राप्त’ हे तर त्याहून पोकळ. छोट्या उद्योगांची ही उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट आणि स्वयंघोषणेवर होते. ती पिठाच्या गिरणीलाही मिळते.

सेबीशी खरोखर नातं असलेला कागद हवा असेल, तर सेबीनेच स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची ‘सिरीज ९ : मर्चंट बँकिंग’ ही परीक्षा आहे. पास व्हायला ६० टक्के लागतात, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, फी या ५,९९९ च्या मानाने बरीच कमी. नोकरी तीही देत नाही. पण मुलाखतीत कुणी हसत नाही.

‘मोठ्या बँका घरबसल्या इंटर्नशिप देतात’

इथे थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करावं लागतं. २०२० च्या उन्हाळ्यात कोविडमुळे गोल्डमन सॅक्स, जेपी मॉर्गन, सिटी अशा बँकांनी समर इंटर्नशिप खरोखरच घरून घेतली. गोल्डमन आणि सिटीने तर ती पाच आठवड्यांवर आणली. पण ती मुलं महिनोन् महिने आधी अर्ज, चाचणी, मुलाखती असं सगळं पार करून निवडलेली होती, आणि त्यांना पगार मिळत होता. बँकेने त्यांना पैसे दिले, त्यांनी बँकेला नाही.

दुसरं खरं म्हणजे फोरेजसारख्या ऑनलाइन मंचावरची सिम्युलेशन, म्हणजे कामाची नक्कल असलेले सराव. जेपी मॉर्गनसह बऱ्याच बँकांची आहेत, फुकट आहेत, काही तासांत संपतात. ठरीव माहितीची एक्सेल शीट देतात, डीसीएफ (पुढे येणाऱ्या रोकडीवरून कंपनीची आजची किंमत काढायचा हिशेब) पुरा करायला किंवा ग्राहकाला ई-मेल लिहायला सांगतात, तुम्ही उत्तर टाकलं की नमुना उत्तर दाखवतात. तुमचं उत्तर कोणी माणूस तपासत नाही. कामाची तोंडओळख म्हणून जरूर करा. बायोडेटात मात्र ते ‘सर्टिफिकेशन’ खाली लिहायचं, ‘अनुभव’ खाली नाही. ‘जेपी मॉर्गनमध्ये इंटर्न’ असं लिहिलंत की पार्श्वभूमी तपासणीत ते खोटं म्हणूनच धरलं जाणार. या मेसेजवाल्यांनी बहुतेक हेच फुकटचं सिम्युलेशन उचलून वर स्वतःचा शिक्का मारलाय.

‘मोबाइलवर चालेल, चार आठवड्यांत तयार’

मोबाइलवर मॉडेल, म्हणजे कंपनीच्या मागच्या-पुढच्या आकड्यांचा एक्सेलमधला हिशेब, बांधता येत नाही. सूत्र कुठून कुठे जातंय ते मागे जाऊन तपासणं, दहा वर्षांचे स्तंभ एका नजरेत पाहणं, हे बोटाने सरकवायच्या पडद्यावर जमत नाही. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो, आणि एप्रिल-मेमध्ये लाइट गेली तरी तास-दीड तास टिकणारी बॅटरी.

आणि शिकायचंच आहे तर साहित्य जळगावातच आहे. जैन इरिगेशन ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. तिचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. (शेअर घ्या असं अजिबात सांगत नाहीये.) पाच वर्षांचे एकत्रित, म्हणजे कन्सॉलिडेटेड, आकडे हाताने एक्सेलमध्ये भरा. हाताने भरलेला आकडा निळा, सूत्र काळं, दुसऱ्या शीटवरून आलेलं हिरवं, हा या धंद्यातला रिवाज. आकडे लाखांत आहेत, कोटींत की दशलक्षांत, ते प्रत्येक पानावर बघा. एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष; इथे चुकलात की पुढचं सगळं दहा पटींनी चुकतं.

पहिली ठेच लागेल ती जुन्या आकड्यांना. कंपनीने आपला परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या सिंचन कंपनीत विलीन करण्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं आणि २०२३ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. असा व्यवसाय बाहेर गेला की इंड एएस १०५ या हिशेबाच्या नियमाप्रमाणे तो ‘खंडित व्यवसाय’ म्हणून वेगळा काढतात आणि मागच्या वर्षाचा नफा-तोटाही फेरमांडतात. म्हणजे एकाच वर्षाची विक्री जुन्या अहवालात एक आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात तुलनेसाठी दिलेली दुसरी. दोन्ही बरोबर. कोणती घ्यायची आणि का, हे ज्याला सांगता येतं त्याला मुलाखतीत वीस मिनिटं बोलायला विषय मिळतो.

दुसरी ठेच येण्यांची. ठिबकचं अनुदान सरकारकडून उशिरा आलं की विक्री दिसते, पैसा दिसत नाही. येणी भागिले विक्री गुणिले ३६५: १,००० कोटींच्या विक्रीवर ३०० कोटी येणी असतील तर जवळपास ११० दिवस. हा आकडा मॉडेलमध्ये मुकाट ६० धरला, तर कागदावर कंपनी पैशात लोळते आणि कर्ज आपोआप फिटतं. तिसरी ठेच शेअरच्या संख्येची. या कंपनीचे साधे शेअर वेगळे आणि कमी मताधिकाराचे डीव्हीआर शेअर वेगळे. बाजारमूल्य काढताना डीव्हीआर विसरणारे फार. मग त्यात कर्ज मिळवा, रोकड वजा करा, तेव्हा एंटरप्राइझ व्हॅल्यू, म्हणजे कर्जासकट अख्ख्या धंद्याची किंमत, निघते. भाडेपट्ट्याचं देणं कर्जात धरलं असेल तर एबिटाही (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा) त्याच हिशेबाचा हवा, नाहीतर या दोन्हींचं गुणोत्तर लंगडं.

कॉम्प्स, म्हणजे मिळत्याजुळत्या कंपन्यांच्या भावावरून आपल्या कंपनीची किंमत काढणं, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. बऱ्हाणपूरचा लिलावाचा भाव ऐकून तो आपल्या केळीचा अंदाज बांधतो, आणि घडाची रास, जात, वाहतूक बघून चार पैसे वर-खाली करतो. तसंच हे. गडबड होते ती बऱ्हाणपूरचा भाव जसाच्या तसा लावला की. सराव हवा असेल तर कोणत्याही डीआरएचपीत ‘बेसिस फॉर इश्यू प्राइस’ हे प्रकरण उघडा आणि कंपनीने तुलनेसाठी कोणाला घेतलंय, कोणाला सोयीने वगळलंय, ते शोधा.

डीसीएफचंही एक उदाहरण, म्हणजे चार आठवड्यांत ‘तयार’ होणाऱ्यांना कळेल. पुढच्या वर्षीचा मोकळा रोख प्रवाह १०५ कोटी, कायमची वाढ ५ टक्के. भांडवलाचा खर्च ११ टक्के धरला तर टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे तिथून पुढच्या सगळ्या वर्षांची मिळून किंमत, १०५ भागिले (११ उणे ५) टक्के, म्हणजे १,७५० कोटी. १० टक्के धरला तर २,१००. एका टक्क्याने ३५० कोटींचा फरक. तो एक टक्का का धरला, हे चार वेळा उलटतपासणी घेऊन विचारणारा वरिष्ठ मिळणं म्हणजे इंटर्नशिप. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ उलटतपासणी घेत नाही.

स्टायपेंड, पॅकेज, राखीव जागा

यावर शाई वाया घालवायची नाही. २५,००० देणारा ५,९९९ आधी मागत नाही. बँका इंटर्न घेतात त्या स्वतःच्या करिअर-पानावरून किंवा कॅम्पसवरून, आणि अर्जाचे पैसे घेत नाहीत. खान्देशसाठी कोणत्याही परदेशी बँकेने जागा राखलेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात हाच मेसेज ‘मराठवाड्यासाठी ५० जागा’ म्हणून फिरेल. कॉलेज याचे ओजेटीचे (ऑन-जॉब ट्रेनिंगचे) क्रेडिट देईल असंही कुणी म्हणतंय. एका क्रेडिटला ३० तास, तेही प्रत्यक्ष कामाचे. पैसे भरण्याआधी आपल्या समन्वयक सरांकडून लेखी घ्या, मग बोला.

‘फक्त ५,९९९, तेही परत’

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव कंपनीचं येतं की कुण्या व्यक्तीचं, एवढं बघा. पण खरा धोका पैशांपेक्षा मोठा आहे. अशा मेसेजमागून ‘स्टायपेंडसाठी’ आधार, पॅन, पासबुकचा फोटो मागतात. त्यापुढची पायरी म्हणजे ‘क्लायंटचा निधी तुमच्या खात्यात येईल, तुमचं कमिशन ठेवून पुढे पाठवा, हे ट्रेनिंगच आहे’. हे इन्व्हेस्टमेंट बँकिंग नव्हे, चोरीचा पैसा फिरवणं आहे. कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यातून गेले की खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस शहाद्याच्या पत्त्यावर येते. ‘मला इंटर्नशिप वाटली’ हे तिथे सिद्ध करत बसावं लागतं. एटीएम कार्ड, सिम, नेट बँकिंगचा पासवर्ड यातलं काहीही मागितलं की तिथेच थांबा.

ज्यांनी भरलेत त्यांनी ‘परत देतो’ या आश्वासनावर आठवडा घालवू नये. १९३० ला लगेच फोन करा. पैसे खात्यांतून बाहेर काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, तारीख-वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि मेसेजचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका. त्याच दिवशी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक घेऊन आपल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या. आधार-पॅन दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आणि आपल्या नावावर कुठे कर्ज निघालंय का ते क्रेडिट रिपोर्ट काढून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा.