पावणेसहाचा गजर आणि नऊची शाळा

परवा रात्री साडेदहाला ओटा आवरून आत आले, तर दुसरीतली लेक शाळेचा युनिफॉर्म घालून झोपलेली. शर्ट, स्कर्ट, पट्टा, पायात मोजेसुद्धा. कपडे बदलायला म्हणून हलवलं तर डोळे न उघडताच म्हणाली, "राहू दे ना आई. मग सकाळी तू ओरडत नाहीस."

मी पट्टा तेवढा काढला. बक्कल पोटाला रुतून लाल वळ उठला होता. त्यावर खोबरेल तेल लावलं आणि तिच्याशेजारी बराच वेळ नुसती बसून राहिले. सात वर्षांच्या पोरीनं माझं ओरडणं चुकवायला स्वतःहून काढलेली ही वाट होती. दोन दिवस झाले, ती गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितेय.

आमच्याकडे, धायरीत, पावणेसहाला गजर होतो. व्हॅनवाले काका सहा पस्तीसला गेटवर येतात, शाळा सात दहाची. मधल्या पन्नास मिनिटांत दोन मुलं तयार करायची असतात. लेक दुसरीत, धाकटा मोठ्या गटात. छोट्या सुट्टीचा कोरडा खाऊ आणि मोठ्या सुट्टीची पोळी-भाजी, असे दोघांचे मिळून चार डबे. पोळी तव्यावर असताना मी आतल्या खोलीकडे तोंड करून हाका मारत असते. सासूबाई लेकीच्या वेण्या घालतात. नवरा चाकणला सेकंड शिफ्टला असला की रात्री एकला घरी येतो, तरी उठून बाटल्या भरून देतो, बूट पुसून देतो. घरात मोठी माणसं तीन आहेत आणि तिघंही कामाला लागलेली असतात. तरी रोज सव्वासहाला माझा आवाज चढतोच.

धाकट्याला उठवणं सगळ्यात अवघड. झोपलेल्या मुलाचा हात फार जड होतो. बाहीत घालायला जावं तर कोपरातून सुटून परत खाली पडतो. दुसऱ्यांदा घालावा, परत पडतो. स्टुलावर उभं करून तोंडात ब्रश दिला तर ब्रश तिथेच राहतो, मान खाली जाते आणि फेस हनुवटीवरून इस्त्रीच्या शर्टावर ओघळतो. मग दुसरा शर्ट शोधायचा. तोवर सहा पंचवीस झालेले असतात. दूध अर्धं पोटात, अर्धं कपात. त्या वेळी त्याला भूक नसतेच, आणि मी "संपव, संपव" करत पेला त्याच्या तोंडाशी धरून उभी असते. जानेवारीत तर पुण्यात सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे माझी मुलं अंधारात घराबाहेर पडतात.

हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, "लवकर झोपवा ना मग." घरातली माणसं म्हणतात, शेजारी म्हणतात, पालकसभेत बाईही म्हणाल्या. मी हिशेब मांडून पाहिला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप हवी आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून दहा ते तेरा तास, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ मध्ये सांगितलं. दहा तास धरले तर पावणेसहाला उठणारं मूल पावणेआठला झोपलेलं हवं. मी कामावरून घरी येते साडेसातला. कुकर लावायचा, अभ्यास बघायचा, जेवायचं, दिवसभराचं त्यांचं ऐकून घ्यायचं. कितीही घाई केली तरी सव्वादहा होतात. म्हणजे साडेसात तास झोप. 'लवकर निजे, लवकर उठे' यातलं लवकर निजणं आमच्या घरात बसत नाही. शहरातल्या किती घरांत बसतं, हे आपापल्या घरात बघा.

आणि हे सरकारलाही पटलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलायचा विचार करा, असं जाहीर कार्यक्रमात सांगितलं. मग ८ फेब्रुवारी २०२४ ला शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला. पूर्व प्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊ किंवा नऊनंतर भरवायचे. खरीच अडचण असेल त्या शाळांसाठी सवलतीची वाटही त्यात ठेवली होती. तो जीआर वाचून मी किती खूश झाले होते! लेकीला सांगूनही टाकलं की आता तुझी शाळा नऊची होणार.

झाली नाही. शाळेनं पालकांना एक फॉर्म पाठवला, आताची वेळ चालेल की बदल हवा? आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी 'आताचीच' लिहून दिलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्या घरात आईवडील दोघंही साडेआठला बाहेर पडतात, तिथे नऊच्या शाळेसाठी मुलाला सोडणार कोण? काकांच्या व्हॅनच्या दिवसभरात तीन फेऱ्या असतात, एक हलली की सगळ्या हलतात. साडेआठला सिंहगड रोडला अडकलेली व्हॅन मीही रोज बघते. त्याच वर्गखोल्यांत दुपारी माध्यमिकची मुलं बसतात. अडचणी खऱ्याच आहेत.

पण या सगळ्यांची अडचण मोजली जाते आणि तिची भरपाई सहा वर्षांच्या पोराच्या झोपेतून होते, हे मला मान्य नाही. कुणी म्हणतं, मोठ्या मुलांना सकाळी बोलवा, लहानांना दुपारी. तेही मला सहज म्हणवत नाही, कारण वयात येणाऱ्या मुलांची झोप निसर्गतःच उशिरा सरकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच त्यांच्यासाठी शाळा साडेआठच्या आधी नको, असं सांगितलंय. इमारती कमी पडतात, तर तो प्रश्न इमारतींचा आहे. तो तिथेच सोडवायला हवा. तोवर निदान बालवाडी ते दुसरीचे वर्ग आधी हलवा. साडेआठ करा, आठ तरी करा. आठची शाळा झाली तरी माझ्या मुलांना पाऊण तास जास्त मिळेल. पाऊण तासानं काय होतं, हे रविवारी कळतं. त्या दिवशी धाकटा आपणहून उठतो, येऊन माझ्या पदराला तोंड पुसतो आणि विचारतो, "आज खायला काय?"

काल सकाळी मी ओरडले नाही. व्हॅन चुकली. रिक्षा करून दोघांना सोडलं, ऑफिसला उशीर झाला, अर्ध्या दिवसाची रजा पडली. रोज हे परवडणार नाही, मला माहीत आहे. पण लेक रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून पंधरा मिनिटं झोपली.

शनिवारी पालकसभा आहे. नऊची वेळ न पाळायला शाळेनं रीतसर मान्यता घेतली आहे का आणि नसेल तर लहान वर्गांची वेळ कधी बदलणार, असं दोन ओळींचं पत्र मी मुख्याध्यापकांना देणार आहे. सहीला सध्या आम्ही चौघी आहोत. आपल्या शाळेतल्या ज्या पालकांना सही करायची असेल त्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत मला मेसेज करा. दुसऱ्या शाळेतल्या कुणाला आपल्याकडे द्यायला पत्र हवं असेल, तर मजकूर पाठवते.