जाडी सारखी, घनता वेगळी

सरासरी 0 आणि प्रमाण विचलन (पसाऱ्याचे माप) 1 असलेल्या प्रसामान्य वितरणाच्या शिखराची घनता सुमारे 0.4 असते, प्रमाण विचलन 0.1 केले की तीच सुमारे 4 होते. वक्राखालचे क्षेत्रफळ दोन्हीकडे 1 असल्यामुळे अरुंद वितरण उंच असायलाच हवे. तरीही काल आर भाषेतल्या जीजीडिस्ट या वितरणे रेखाटणाऱ्या पॅकेजमध्ये काढलेल्या माझ्या आलेखात विदा पाहण्यापूर्वीचे पसरट वितरण आणि विदा पाहिल्यानंतरचे अरुंद वितरण अगदी एका उंचीची उभी होती, आणि हे का घडले ते शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली!

ही दोन वितरणे मी एकाच आलेखावर एकमेकांवर रचलेल्या दोन वेगळ्या थरांत काढली होती. उंची कशाच्या तुलनेत मोजायची हे ठरवणाऱ्या 'नॉर्मलाइझ' या पर्यायाचे मूळ मूल्य 'ऑल' आहे खरे, पण त्यातले 'सगळे' केवळ त्या एका थरापुरते असते. प्रत्येक थरातल्या सर्वाधिक घनतेला 1 मानून बाकीची जाडी, म्हणजे आकृतीची जागोजागची उंची, ठरते, आणि दहापट फरक निमूटपणे पुसला जातो. ना चूक दाखवणारा संदेश, ना इशारा. जाडीच्या अक्षावर आकडेही आपोआप येत नाहीत, मग वाचणाऱ्याला संशय यावा तरी कशावरून? 'स्केल_थिकनेस_शेअर्ड' ही एक ओळ जोडली की सर्व थरांना एकच मोजपट्टी लागते. पण काही बिघडले आहे हेच ज्याला कळले नाही, तो ती ओळ कशाला शोधेल?

प्रत्येक गटाची घनता दोन्ही बाजूंना सारखी फुगवून दाखवणाऱ्या व्हायोलिन आलेखांची तऱ्हाही निराळी नाही. आरमधल्याच जीजीप्लॉट2 या आलेख-पॅकेजमध्ये मूळ पर्याय समान क्षेत्रफळाचा आहे, 'काउंट' निवडले तर क्षेत्रफळ नोंदींच्या संख्येनुसार बदलते, आणि 'विड्थ' निवडले तर सगळी व्हायोलिने सारखीच रुंद होतात. पायथन भाषेतल्या सीबॉर्न या पॅकेजने तर 2023 मध्ये या निवडीचे 'स्केल' हे नावच बदलून 'डेन्सिटी_नॉर्म' केले. एकाच आकाराचे तीन अर्थ होतात, आणि कोणता घेतला हे आलेखाखाली लिहिण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात. विचारले तर उत्तर मिळते, "सारखे रुंद केले की छान दिसते." छान दिसण्यासाठी 20 नोंदींचा गट 2000 नोंदींच्या गटाइतकाच भारदस्त दाखवायचा, याची मला मनस्वी चीड येते.

मागच्या महिन्यात अशाच दोन थरांचे चार आलेख मी अहवालातून पुढे पाठवले. आज त्यांतला एकेक मागे घेऊन नव्याने काढत बसलो आहे.