नव्वद दिवसांचा कायापालट, एका दुपारी

तुमचं पोट सुटलंय हे घरातल्यांनी अजून सांगितलं नसेल, तर मोबाइल सांगेल. सांगितल्यावर लगेच दोन फोटो दाखवेल: डावीकडे ढेरी, उजवीकडे सहा चौकोन, मध्ये नव्वद दिवस. त्या नव्वद दिवसांचे पैसे भरण्याआधी घरच्या घरी हे करून बघा. साहित्य फार नाही: मोबाइल, छताचा दिवा, चमचाभर खोबरेल आणि दोन मापांच्या चड्ड्या.

'आधी'चा फोटो जेवणानंतर काढायचा. भात दोनदा घ्या, वर सोडा प्या. चड्डी एक नंबर लहान हवी, म्हणजे इलॅस्टिकवरून पोट ओघळतं. खांदे पाडा, मान पुढे घ्या आणि पोट सोडून द्या. फ्लॅश समोरून मारा. समोरच्या उजेडात सावली पडत नाही आणि सावली नसेल तर पैलवानाचंही अंग सपाट दिसतं. तोंड पाडायला विसरू नका. हसलात की मुसळ केरात.

चार तास जाऊ द्या. दाढी करा, छातीवरचे केस काढा. मग दमेपर्यंत जोर मारा, मिनिटभर थांबा, परत मारा. स्नायूंत रक्त भरून ते फुगतात. जिममधली पोरं याला 'पंप' म्हणतात. तो थोड्याच वेळात उतरतो, त्यामुळे चहा वगैरे नंतर. तेल पुसटसं लावा. जास्त झालं तर नुकत्याच तळलेल्या वड्यासारखे दिसाल. खोलीत अंधार करून फक्त छताचा दिवा लावा आणि त्याच्या अर्धं पाऊल मागे उभे राहा. उजेड वरून तिरका पडला की बरगड्यांखाली आपोआप रेघा उमटतात. श्वास सोडा, पोट आवळा, कंबर जराशी वळवा. या वेळी चड्डी एक नंबर मोठी. ढिली पडलेली चड्डी शंभर शब्दांचं काम करते.

बहुतेकांची फसगत भिंतीवर होते. दोन्ही फोटोंत मागे कालनिर्णयाचं तेच पान लटकत असतं. आधी ते काढा.

आता चौकोनांविषयी. पोटाचा तो उभा स्नायू आडव्या पट्ट्यांनी विभागलेला असतो आणि त्या पट्ट्या किती, सरळ की वाकड्या, हे जन्मतः ठरतं. कोणाला चार चौकोन, कोणाला आठ, कोणाचे एका रेषेत नसलेलेच. दिसायचे तर अंगातली चरबी वजनाच्या साधारण दहा-बारा टक्क्यांवर आणावी लागते आणि पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी उतरत नाही. पण तुम्ही विजेचा पट्टा जरूर मागवा. त्याने पोट थरथरतं, चरबी जागची हलत नाही, आणि काहीतरी चाललंय असं मात्र वाटतं.

प्रथिनांच्या पावडरीशिवाय तर पुरुषार्थच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने धडधाकट माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. घाम गाळून वजनं उचलणाऱ्याला याच्या दुप्पट धरा. शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीसेक ग्रॅम मिळतात, पण फुटाण्यांच्या पुडीवर दंड फुगवलेला माणूस नसतो, तेव्हा त्या सोडा. डबा मोठा घ्या. चमचा तळाशी गाडलेला असतो. तो शोधताना हात कोपरापर्यंत पांढरा होतो. स्वस्त पावडर मिळाली तर आणखी मजा. प्रथिनं मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. कोणी ग्लायसीन नावाचं स्वस्तातलं अमिनो आम्ल मिसळलं तर तेही प्रथिन म्हणूनच मोजलं जातं. आकडा वाढतो, दंड नाही.

हा धंदा कालचा समजू नका. तुमच्या अंगातल्या सँडो बनियनला ज्याचं नाव आहे तो शरीरसौष्ठवपटू युजीन सँडो (1867–1925) अंगाला पांढरी पावडर फासून संगमरवरी पुतळ्यासारखे फोटो काढून घ्यायचा आणि स्वतःचं मासिक, डंबेल, शेवटी कोकोसुद्धा विकायचा. खेळण्यांनीही हातभार लावला. अमेरिकेतल्या संशोधकांनी 1999 मध्ये जी. आय. जो या बाहुल्याचं माप पुरुषाच्या उंचीला वाढवून पाहिलं: 1964 च्या बाहुल्याचा दंड सुमारे 12 इंच भरला, 1998 च्या एका आवृत्तीचा जवळपास 27. कोल्हापूरच्या तालमीत आयुष्यभर लाल माती खाल्ली तरी एवढा दंड होत नाही. आणि तिथल्या मल्लाचं पोट? जाहिरातवाल्यांनी त्याला डावीकडच्या फोटोत उभं केलं असतं.

रंगाचंही बघून घ्या. इमामीने 2005 साली पुरुषांसाठी वेगळं गोरेपणाचं क्रीम आणलं. घरातल्या बाईची ट्यूब गुपचूप पिळण्याची नामुष्की तेव्हाच टळली. 2020 मध्ये बायकांच्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. त्याने आरसा किती बदलला ते तुम्हीच बघा.

असो. फोटो जोडून टाकलात की चारदोन अंगठे मिळतील आणि पाठोपाठ टकलावरच्या उपायाची जाहिरात येईल. यात गूढ काही नाही: छताच्या ज्या दिव्याने पोटावर सावल्या पाडल्या, त्यानेच टाळूही चमकवली. घाबरू नका. अंधार तसाच ठेवा, केस ओले करून मागे विंचरा, मान खाली घाला आणि लगेच एक 'आधी'चा फोटो काढून ठेवा.