एका पोत्याला एक बाप्तिस्मा? मग सव्विसाव्या दिवशी काय?

ऑक्टोबरात मिशनकार्याच्या वर्गणीसाठी मिशन रविवारची पाकिटं चर्चमध्ये वाटली गेली की पाठोपाठ तो मेसेज फिरतोच. यंदा तो माझ्या मावशीच्या फोनवर आला आणि तिने पाकीट रिकामं परत करायचं ठरवलं. मेसेज थोडक्यात असा: ‘मुंबई-वसईच्या चर्चमधला पैसा रोमला जातो, तिथून आफ्रिकेत, आणि तिथे धान्याच्या एका पोत्याला एक बाप्तिस्मा या भावाने माणसं विकत घेतली जातात. शांतता आणि न्याय हा मुखवटा. मिशनऱ्यांनी आजवर एक तरी युद्ध थांबवलंय का? सगळे मिशनरी गोरे, आपण फक्त पैसे देणारे. आणि हे सामाजिक न्यायाचं खूळ चर्चमध्ये डाव्यांनी अलीकडे घुसवलं.’ खाली अर्थातच हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

पोत्यापासूनच सुरुवात करू. हे लिहिणाऱ्याने निर्वासितांच्या छावणीतलं रेशन कधी मोजलेलं दिसत नाही. तिथे माणशी रोजचे 2,100 उष्मांक धरतात. नेहमीचं प्रमाण म्हणजे 400 ग्रॅम मका किंवा ज्वारी, 60 ग्रॅम कडधान्य, 25 ग्रॅम तेल आणि वर थोडं पौष्टिक पीठ, साखर, मीठ. पाच माणसांच्या घराला महिन्याला 60 किलो धान्य आणि 9 किलो कडधान्य लागतं. पोतं 50 किलोचं असतं, म्हणजे ते 25 दिवस पुरतं. सव्विसाव्या दिवशी काय करायचं? दुसरा बाप्तिस्मा? तो तर आयुष्यात एकदाच होतो.

दुसरं म्हणजे ते धान्य बहुतेक वेळा मिशनचं नसतंच. ते संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं किंवा एखाद्या सरकारचं असतं, आणि कॅरिटाससारख्या (ही कॅथलिक चर्चची मदतसंस्था) संस्था ते वाटण्याचं काम घेतात. आधी नोंदणी होते, मग कार्ड मिळतं, शक्यतो घरातल्या बाईच्या नावाने. वाटपाच्या दिवशी कार्डावर खूण आणि यादीवर अंगठा. मदत धर्म पाहून द्यायची नाही, आणि कोणत्याही धर्माची किंवा राजकीय मताची बाजू पुढे रेटायला ती वापरायची नाही, हा आपत्ती-मदतीचा नियम 1994 साली लेखी झाला. तो पुढे आणणाऱ्यांत रेडक्रॉस आणि ऑक्सफॅमच्या बरोबरीने खुद्द कॅरिटास इंटरनॅशनालिस होती.

भानगडी होत नाहीत का? होतात की. धान्य डब्याने मापलं तर शिगोशीग आणि सपाट यातला फरक कुणाच्या तरी खिशात जातो. एकाच घराची दोनदा नोंद होते. मका अख्खा मिळतो, तो दळायला गिरणीवाला त्यातलंच धान्य कापून घेतो. साबण आणि सरपणासाठी रेशनातला हिस्सा बाजारात विकला जातो. संताप करायचा तर यावर करा. बाप्तिस्म्याची वही तपासून ही गळती सापडणार नाही.

आणि बाप्तिस्मा काही सकाळी पोतं, संध्याकाळी पाणी असा होत नाही. प्रौढ माणसाला आधी दीक्षार्थी म्हणून स्वीकारतात, मग शिकवणी, बहुतेक ठिकाणी वर्षभर किंवा जास्त, मग धर्मपिता किंवा धर्ममाता, आणि सहसा ईस्टरच्या जागरणविधीत संस्कार. जबरदस्तीने कुणालाही या धर्मात आणायचं नाही, हे कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, 748व्या कलमात आहे. आमिष दाखवण्याची मनाई दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्याविषयीच्या 1965च्या आदेशात स्पष्ट लिहून ठेवली.

आता यातलं जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. नियम लिहावा लागला तो उगाच नाही. पोर्तुगीज काळात सत्ता आणि क्रूस हातात हात घालून चालले, हे वसईकराला बाहेरच्याने सांगायची गरज नाही. कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी 2022 मध्ये तिथे जाऊन माफी मागितली. रवांडाच्या नरसंहारात काही धर्मगुरूंचे हात बरबटले होते, त्याबद्दल त्यांनी 2017 मध्ये क्षमा मागितली. पण मेसेजवाल्याला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याने नेमका खोटा आरोप निवडलाय.

‘एक तरी युद्ध थांबवलंय का?’ थांबवलंय. मोझांबिक. 1977 पासून फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात चाललेल्या युद्धात आणि त्यातून आलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. सरकार मार्क्सवादी, त्यांनी मिशनच्या शाळा आणि दवाखाने ताब्यात घेतलेले. रेनामोची क्रूरता तर जगजाहीर. बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिस 1988 मध्ये रानात जाऊन रेनामोच्या अफोन्सो ढलाकामाला भेटले. दोघेही न्दाऊ भाषक, त्यामुळे दुभाष्याची गरज पडली नाही. जुलै 1990 मध्ये रोममधल्या सांत एजिदिओ या संस्थेच्या जुन्या मठात बोलणी सुरू झाली. ही संस्था मूळची प्रापंचिक कॅथलिकांची. मध्यस्थ चार होते: हे आर्चबिशप, इतिहासाचे प्राध्यापक आंद्रेआ रिकार्दी, फादर मात्तेओ झुप्पी आणि इटलीच्या सरकारतर्फे मारिओ राफाएल्ली. त्यांच्याकडे ना फौज होती ना कुणाला दम द्यायची ताकद.

त्याच वर्षी डिसेंबरात फक्त बैरा आणि लिंपोपो या दोन रेल्वेमार्गांच्या पट्ट्यापुरता गोळीबार थांबवला. मग पक्षांचा कायदा, निवडणुकीचा कायदा, सैन्य, असं एकेक कलम सुटं करून पुढे सरकले. 4 ऑक्टोबर 1992 ला सह्या झाल्या, सात मसुदे मिळून एक करार. नवं सैन्य 30,000चं, दोन्हीकडून निम्मंनिम्मं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही जमले नाहीत, कारण लढून थकलेल्यांना पुन्हा वर्दी नको होती. शस्त्रं टाकायच्या तळांवर पैसे आणि जेवण वेळेवर येईना म्हणून दंगे झाले. निवडणूक 1993 ची 1994 वर गेली. पण ती मुद्दाम लांबू दिली, हे महत्त्वाचं. अंगोलात सप्टेंबर 1992 मध्ये दोन्ही फौजा मोडायच्या आधीच मतदान उरकलं, आणि हरलेला बंडखोर नेता साविंबी परत रानात गेला. मोझांबिकमध्ये आधी फौजा मोडल्या, मग मतपेट्या उघडल्या. रेनामोने पुढे 2013च्या सुमारास पुन्हा बंदुका काढल्या, 2019 ला नवा करार करावा लागला, तेही खरं. तरी मधली वीस वर्षं कुठल्या मुखवट्याने दिली ते मेसेजवाल्याने सांगावं.

उरलेल्या दोन दाव्यांवर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. ‘सगळे गोरे’? 1597 साली नागासाकीत क्रुसावर ज्याचा जीव घेतला तो गोन्सालो गार्सिया वसईचा. 2014 मध्ये अफगाणिस्तानात हेरातजवळ निर्वासितांच्या मुलांच्या शाळेतून पळवलेले जेझुइट फादर प्रेमकुमार तामिळनाडूचे. येमेनमध्ये दीड वर्ष ओलीस राहिलेले फादर टॉम केरळचे.

‘डाव्यांनी अलीकडे घुसवलं’? कामगारांच्या हक्कांवरचं पोप तेरावे लिओ यांचं परिपत्रक 1891 चं आहे. तेव्हा लेनिन एकवीस वर्षांचा होता. आणि डिसेंबर 1964 मध्ये पोप सहावे पॉल इथे, आपल्या मुंबईत आले होते. शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग गरीब देशांसाठीच्या जागतिक निधीत घाला, हे आवाहन त्यांनी इथूनच केलं. 1967 च्या परिपत्रकात ते मुंबईचं नाव घेऊन पुन्हा मांडलं. त्याच वर्षी व्हॅटिकनने न्याय आणि शांतीसाठी स्वतंत्र आयोग नेमला.

राहिला पाकिटातला पैसा. मिशन रविवारची वर्गणी बिशप हाऊसमार्फत पोपच्या मिशन संस्थांकडे जाते आणि ती जगभरच्या गरीब धर्मप्रांतांना वाटली जाते. भारतही त्यात घेणाऱ्यांच्या रांगेत आहे, हे मेसेजवाला सोयीस्कर विसरतो. शिवाय इथल्या धर्मादाय ट्रस्टने उत्पन्न परदेशात खर्च केलं तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्यावर आयकराची सूट मिळत नाही. पोतीच्या पोती भरून पैसा गुपचूप बाहेर जातो, हे जरा अवघड आहे. मात्र बऱ्याच धर्मग्रामांत वर्गणीचा हिशेब फलकावर लागत नाही, ही तक्रार रास्त आहे. कॅनन लॉचं 1287वं कलम सांगतं की भाविकांनी दिलेल्याचा हिशेब भाविकांना द्यायचा, आणि 537व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असायलाच हवी. मिस्सा झाल्यावर ऑफिसात जाऊन दोनच गोष्टी विचारा: समितीवर कोण कोण आहे, आणि गेल्या ऑक्टोबरची रक्कम किती भरली व कोणत्या तारखेला बिशप हाऊसला पाठवली. मावशीलाही हेच सांगितलंय.