के गप्प का बसतो?

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरात मोठ्यानं हसायला बंदी असते. शुक्रवारी चिरंजीवांच्या शाळेत डिक्टेशन असतं आणि तयारी माझ्या गळ्यात.

"बाबा, नाइफमध्ये के कशाला?"

"असतो."

"मग बोलत का नाही?"

"पूर्वी बोलायचा."

ही थाप नव्हे. काही शतकांपूर्वी इंग्रज खरोखर 'क्नीफ' असं काहीतरी म्हणायचे. पुढे जीभ बदलली, पण तोवर छापखाना आला होता, आणि छापलेलं स्पेलिंग जागचं हलेना. डाउटमधला बी तर त्याहून पोचलेला. फ्रेंचांकडून शब्द आला तेव्हा तो त्यात नव्हताच. मूळ लॅटिन शब्दात बी आहे म्हणून विद्वानांनी तो मागाहून आणून बसवला. म्हणजे उच्चार कधीच नाही, नुसता पत्ता दाखवायला!

मुंबईकराला ही जात लगेच ओळखू येते. पागडीचे भाडेकरू! राहत नाहीत, पण खोलीही सोडत नाहीत. तेव्हा माझा प्रस्ताव सरळ आहे: इंग्रजीचं रिडेव्हलपमेंट. मुकी अक्षरं सगळी मानखुर्दच्या ट्रान्झिट कॅम्पात. नाइटमधल्या जी-एचला वन बीएचके, जोडीनं राहतात म्हणून.

बिल्डर पूर्वीही येऊन गेलेत. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांची स्पेलिंगं सोपी करून सरकारी छापखान्याला वापरायला सांगितली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, आडवी आली, हुकूम गुंडाळावा लागला. पनामाचा कालवा खणायला घेणाऱ्या माणसाला थ्रूमधली तीन अक्षरं उपटता आली नाहीत. मी तर पार्ल्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. आणि त्या पार्ल्याचंही काय, स्टेशनवरच्या पाटीतलं 'विले' एखाद्या इंग्रजानं वाचलं तर 'व्हाइल' वाचेल, म्हणजे नीच. ठाणेकरांनी हसू नये. त्यांचं 'थेन' होतं.

"त्यापेक्षा इंग्रजी देवनागरीतच लिहावं," मी जाहीर केलं. "आपल्याकडे बोलतो तसं लिहितो."

चिरंजीवांनी पेन्सिल चावली. "बाबा, 'जगातलं पाणी' म्हणजे पृथ्वीवरचं की टेबलावरचं?"

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. बंदी तिथंवर पोचत नाही.

"ते एक असू दे," मी आवाज चढवला. "पण निदान मुकं तरी आपण काही ठेवलं नाही. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार एका फटक्यात काढले. कोणाचं काही अडलं?"

"माझं अडलं," खिडकीपाशी बसलेले अण्णा म्हणाले. "मी अजून देतो."

देतात खरे. त्यांच्या हातची वाण्याची यादी म्हणजे तीळ सांडल्यासारखी दिसते. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली, पण वाचली नातवानं.

"आजोबा, 'गहूं'वर हा टिंब कशाला?"

"असतो."

"मग बोलत का नाही?"

"पूर्वी बोलायचा," अण्णा म्हणाले. "आणि आमच्या कोकणात अजून बोलतो. तुझ्या बापाला सांग, अर्धा किलो पोहेही आण."