एमपीएच फक्त डॉक्टरांसाठी?

'एमपीएच करायचं तर आधी एमबीबीएस हवंच' हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत इतर शाखांच्या पदवीधरांनाही एमपीएचला प्रवेश मिळतो. मी स्वतः नर्सिंगनंतर एमपीएच केलं. आमच्या वर्गात समाजकार्यवाले होते, दंतवैद्यही होते.

फिल्डवर्कला एका पाड्यावर अंगणवाडीच्या नोंदवहीत बहुतेक मुलांची वजनं पूर्ण किलोतच दिसली: ८, ९, १०. काटा नीट वाचलाच जात नव्हता, त्यामुळे कुपोषित मूल नजरेतून निसटत होतं. हे ओळखायला संख्याशास्त्र लागतं, स्टेथोस्कोप नाही. लिहायचंच तर एमपीएचनंतरच्या नोकऱ्यांबद्दल लिहा ना! राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बहुतेक जागा कंत्राटी आहेत, हे मुलांना प्रवेशाआधीच कळायला हवं.