नको म्हणायचे पन्नास रुपये

मला फक्त इंटरनेट हवं होतं. जुन्या कनेक्शनची केबल कुणीतरी झाडाची फांदी छाटताना छाटली होती, म्हणून नवीन घ्यायचं, इतकाच मामला. कंपनीचा पोरगा आला. परभणीकडचा, बोलायला गोड, गळ्यात कार्ड, हातात टॅब.

"सर, नेटसोबत टीव्ही आणि लँडलाइन एकदम फ्री."

"टीव्ही नको. लँडलाइन पण नको. नुसतं नेट."

"मग 749 पडतील, सर. तिन्ही घेतलं तर 699."

मी त्याला परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं, तितक्याच गोडीने. कोथिंबीर नको म्हटलं म्हणून आमचा भाजीवाला मेथी महाग करत नाही. पण इथे फुकटच्या दोन वस्तू नाकारण्याचे दरमहा पन्नास रुपये होते.

या वेळी तळमजल्यावरचे काका आमच्या सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांच्याकडे पेपर येतो, पण तो काकू आधी घेतात आणि शब्दकोडं सोडवून पेनने खराब करून ठेवतात. म्हणून काका व्यायामाच्या नावाखाली तीन जिने चढून आमचा वाचतात. हा माणूस सोसायटीच्या सभेत खराट्यांच्या खर्चावर पाऊण तास बोललेला आहे. म्हटलं, आता हे त्या पोराला सोलून काढणार.

काकांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं.

"फोन नको म्हणालास?"

"काका, कोण वापरतं आता लँडलाइन?"

"अरे, फोनसाठी अर्ज केला तेव्हा आमची मुलगी बालवाडीत होती. फोन आला तेव्हा दहावीला! ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी ओवायटीत, म्हणजे 'ओन युअर टेलिफोन' योजनेत, जादा डिपॉझिट भरून नंबर पुढे घेतले. आम्ही कुठून भरणार? एकाने सांगितलं, खासदाराचं पत्र आणा. मी दोन रविवार त्यांच्या बंगल्याबाहेर बाकावर बसलो. फोन आला त्या दिवशी ही वाड्यात पेढे वाटत फिरली. आणि तू? माणूस दारात येऊन फोन देतोय, त्याला नको म्हणतोस?"

पोराचा चेहरा उजळला. एवढं पोटतिडकीने विकणारा माणूस त्याच्या ऑफिसात नसेल. त्याने काकांना हळूच टॅब दाखवायला सुरुवात केली. काकांनी टॅब बाजूला सारून लग्नपत्रिकेचं पाकीट घेतलं आणि पाठीवर गणित मांडलं.

"699 वर कर किती?"

"अठरा टक्के, काका."

"म्हणजे 824 रुपये 82 पैसे. हे आधी का नाही सांगितलंस?"

"ते लागतंच ना, काका."

"आणि दर महिन्याला भरायचे?"

"नाही, हा रेट बारा महिने एकदम भरले तर."

"9,897 रुपये 84 पैसे," काकांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. "टीव्हीची चॅनेलं यातच?"

"डबा फ्री आहे. पे चॅनेलचे वेगळे."

मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. पण काकांचा जीव फोनवरच होता. "बरं, लाइट गेली तर फोन चालतो का?"

"नाही. राउटरवर आहे ना."

काका इतके दुखावलेले मी पाहिले नव्हते. "आमच्या फोनला तारेतून एक्सचेंजचा करंट यायचा. 48 व्होल्ट! अख्खी पेठ अंधारात, पण रिसीव्हर उचलला की डायल टोन हजर. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात पुण्यात, माहितीय ना? गुरुवारी कुणी गेलं तर कळवायचं कसं?"

"मोबाइल आहे ना, काका," पोरगा म्हणाला.

"मग हा कशाला?"

हाच तर माझा प्रश्न होता! मी टाळी द्यायला हात पुढे केला. काका म्हणाले, "तरी घे. पन्नास रुपये वाचतायत."

घेतलं.

पण मनातून जात नाही. 1 फेब्रुवारी 2019 ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, टीव्हीचे नवे नियम लागू केले तेव्हाही असंच झालं होतं. 130 रुपयांत शंभर चॅनेल, कर धरून 153 रुपये 40 पैसे, आणि पे चॅनेलं ज्याची त्याने किंमत बघून निवडायची. केवढा आनंद! आम्ही वही घेऊन बसलो, आईच्या मालिकांची चॅनेलं आधी लिहिली. 19 रुपयांपेक्षा महाग चॅनेल गुच्छात, म्हणजे अनेक चॅनेलांच्या एकत्र पॅकमध्ये, घालता येणार नव्हतं, म्हणून चालणाऱ्या बऱ्याच चॅनेलांनी बरोबर 19 किंमत ठेवली. सुटी चार घेतली की गुच्छ स्वस्त दिसायला लागायचा. गुच्छ घेतला की आमच्यात कुणालाच न कळणाऱ्या भाषांतलं कार्टून घरात शिरायचं. निवडीचा हक्क बजावून आमचं बिल आधीपेक्षा जास्त आलं.

749 हा आकडा कुणी भरावा म्हणून ठेवलेलाच नाही. 699 स्वस्त वाटावेत म्हणून तो तिथे उभा केलाय. मग नुसत्या नेटची खरी किंमत काय? त्या पोराला माहीत नाही, मला कळायचा मार्ग नाही. ज्यांना मोबाइलवर डेटा नको, त्यांच्यासाठी नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेलं रिचार्ज ठेवा, असं ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं. छान केलं. नुसतं नेट मागणाऱ्याला कुणी वाली आहे का?

तर फोन बसला. म्हणजे लाइन बसली. फोनचं यंत्र फ्रीमध्ये नव्हतं. ते काकांनी माळ्यावरून आणून दिलं, पुसून. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण मी चहा पाजला.

आठवडाभरात फोन वाजायला लागला. एक तर कंपनीचाच, आणखी मोठा पॅक घ्या म्हणून. दुसरा नागपूरहून, काकांच्या बहिणीचा. मोबाइलवर नुसते फसवणुकीचे फोन येतात म्हणून काकांनी सगळ्या नातलगांना माझा नंबर दिलाय, पुढे पी.पी. लिहून. शेजारच्यांचा फोन आपला म्हणून सांगायची ती सोय बंद होऊन किती वर्षं झाली! ऑफिसची मीटिंग चालू असताना मी कॅमेरा बंद करतो, तीन जिने उतरतो, काकांना बोलावतो. लिफ्ट नाही. काका वर येतात, सोफ्यावर पाय घेऊन बसतात आणि नागपुरातल्या कुणाच्या तरी गुडघ्यांवर सविस्तर चर्चा होते.

काल मी कंपनीला फोन करून लँडलाइन काढा म्हणून सांगितलं. पलीकडच्या ताई म्हणाल्या, "पॅक तुटेल, सर. मग 749 प्रमाणे फरक भरावा लागेल."

काका समोरच होते. "पन्नास रुपये जास्त? वेडा आहेस का?"

"पन्नास नाही, काका. कर धरून 59. पण भरतो. मला मीटिंगमधून उठवत नाही आता."

काकांनी थोडा विचार केला. "मग असं कर. ते 59 मला देत जा. मी नागपूरच्या ताईला सांगतो, गुरुवारीच फोन करत जा म्हणून."